ती गाडी गेली कुठे?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आज निमित्त झालं ते भाच्याच्या खेळण्याचं. त्याच्या गाड्यांच्या संग्रहात नवी भर पडली आहे: तळहातावर मावेल अशी चंदेरी, बिनटपाची पोर्शे, दारावर १३० आकडा. "मामा, ही खरी गाडी हरवलीये, माहितीये?" असं म्हणून त्याने मला कामाला लावलं. दोन रात्री वाचत बसलो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो.

गाडी जेम्स डीनची. 'ईस्ट ऑफ ईडन'मुळे एकदम नावारूपाला आलेला हा २४ वर्षांचा नट. शर्यतींचा जबरदस्त नाद. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने पोर्शे ५५० स्पायडर घेतली. वजन जेमतेम साडेपाचशे किलो, म्हणजे चाकांवर बसवलेलं इंजिनच म्हणायचं. ॲलेक गिनेस या इंग्रज नटाने ती पाहून "यात बसलास तर आठवड्याभरात मरशील" अशा अर्थाचं काही बोलल्याचं पुढे स्वतःच सांगितलं. आणि आठवड्यानेच, ३० सप्टेंबरला, सालिनासच्या शर्यतीला जाताना कॅलिफोर्नियातल्या शोलॅमजवळ तिठ्यावर समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्या फोर्डवर ती आदळली. डीन गेला. शेजारी बसलेला मेकॅनिक रॉल्फ व्यूटरिश बाहेर फेकला गेला आणि वाचला.

खरी गोष्ट सुरू होते ती यानंतर. मोडकी गाडी विल्यम एश्रिक नावाच्या शर्यतवेड्या डॉक्टरने घेतली. इंजिन काढून स्वतःच्या लोटसमध्ये बसवलं, काही सुटे भाग ट्रॉय मॅकहेन्री या दुसऱ्या डॉक्टरला दिले. ऑक्टोबर १९५६ मध्ये पोमोनाच्या शर्यतीत मॅकहेन्रीची गाडी झाडावर आदळली आणि तो गेला. उरलेला सांगाडा जॉर्ज बॅरिसकडे आला. हा नटनट्यांच्या गाड्या सजवणारा माणूस, पुढे टीव्हीवरची बॅटमोबील करणारा. त्याने तो चेपलेला पत्रा 'गाडी जपून चालवा' अशा प्रचारासाठी गावोगाव मिरवला. गाडीने कोणाचे पाय मोडले, कोणाचा जीव घेतला, अशा हकिकती तोच सांगायचा. १९६० मध्ये मायामीहून लॉस एंजेलिसला येताना सांगाडा वाटेतच नाहीसा झाला, हेही त्याचंच म्हणणं.

तेव्हापासून शोध चालूच आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोटार संग्रहालयाने गाडीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. २०१५ मध्ये एक माणूस पुढे आला. म्हणाला, मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी ती वॉशिंग्टन राज्यातल्या एका इमारतीत खोट्या भिंतीमागे लपवताना पाहिली. ती भिंत काही उघडली गेली नाही. २०२१ मध्ये तिचा फक्त गिअरबॉक्सचा जोड एका लाकडी खोक्यात सापडला आणि ३ लाख ८२ हजार डॉलरला विकला गेला. सांगाडा नाहीच.

इथपर्यंत वाचून मला हसू येत होतं. शापित गाडी म्हणे! मग एकदम आजी आठवली.

घरच्या वाचकांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. माझा धाकटा काका १९८४ मध्ये मोटारसायकलवरून कोरेगावहून साताऱ्याला येताना गेला. वय २४. संध्याकाळची वेळ, ऊन तोंडावर, आणि उसाची बैलगाडी वळत होती. मी सात वर्षांचा होतो. आजी शेवटपर्यंत एकच सांगायची, "ती गाडीच अवलक्षणी. अमावस्येला घरात आणली." मोडकी मोटारसायकल पोलिसांच्या आवारात पडून होती. ती आणायला घरातून कोणी गेलं नाही. मग एक दिवस ती तिथे नव्हती. आत्या म्हणते, लिलावात भंगारात गेली. चुलतभाऊ शपथेवर सांगतो की तिची टाकी त्याने कराडला दुसऱ्याच गाडीवर पाहिली. म्हणजे आमच्याकडेही खोटी भिंत आहेच की!

कॉलेजात असताना मी आजीच्या अमावस्येवरून बराच वाद घातला होता. बाबा मध्ये पडले नाहीत. पुष्कळ वर्षांनी, दवाखान्यात उशाशी बसलो असताना, ते आपणहून बोलले. मोटारसायकलसाठी फंडातून कर्ज त्यांनी काढलं होतं. आणि त्या दिवशी सकाळी, "पाहुणे यायचेत, अंधार पडायच्या आत ये," असं काकाला त्यांनीच सांगितलं होतं.

आजीला हे माहीत होतं. आता वाटतं, म्हणूनच ती अमावस्येला धरून बसली. गाडी अवलक्षणी ठरली की थोरल्या मुलाकडे कोणी बोट दाखवत नाही. बॅरिसने शाप धंद्यासाठी वापरला, आजीने लेकरू वाचवायला. मी मात्र तिला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळा झालो.

पण शापाच्या गोष्टीत आणखी एक माणूस हरवतो. त्या फोर्डमध्ये डोनाल्ड टर्नअपसीड नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला किरकोळ लागलं. पोलिसांनी जबाब घेऊन सोडलं आणि तो अंधारात लोकांकडे लिफ्ट मागत तुलारेला घरी गेला. चौकशीत त्याच्यावर गुन्हा ठरला नाही. सुरुवातीला एका वर्तमानपत्राशी तो बोलला, त्यानंतर १९९५ मध्ये मरेपर्यंत या विषयावर जाहीरपणे कधीच नाही. गाडीच्या एकेका तुकड्याचा माग काढतात लोक. याने चाळीस वर्षं कशी काढली असतील?

हे वाचल्यावर परवा आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, त्या बैलगाडीवाल्याचं पुढे काय झालं गं?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेराव्याला आला होता की. पोरसवदाच होता. फाटकाबाहेर बसून राहिला. तुझ्या बाबांनी हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी पान वाढलं. दोघांनीही घास घेतला नाही."

एवढी वर्षं आम्ही टाकी कुठे गेली यावर बोललो, यावर कधीच नाही.

भाच्याला सांगितलं, गाडी अजून सापडलेली नाही. त्याला तेच हवं होतं, खूश झाला. नातेवाइकांपैकी कोणाला त्या गाडीवानाचं गाव आठवत असेल तर मला नक्की कळवा. मोटारसायकलचं राहू द्या.