टायमर बदलण्याआधी

टायमर बिघडलाय म्हणून मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा टायमर धडधाकट असतो. रत्नागिरीत घरोघरची वायरिंग आणि गिझर हेच माझं काम. नरक चतुर्दशी जवळ आली की असे फोन वाढतात: पहाटे पाणी गारच होतं, नवा टायमर बसवून द्या. जुना आधी नीट पाहू द्या, एवढीच माझी विनंती असते.

गोल तबकडीच्या टायमरमधली मोटर विजेवरच फिरते. वीज गेली की तबकडी थांबते आणि आली की थांबली तिथून पुढे चालू लागते. रात्री तीन तास वीज गेली, तर पहाटे पाचचं पाणी आठला तापणार. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तिथं वीज आल्यावर अशी तबकडी बरोबर वेळ दाखवेल कशी? ती फिरवून घड्याळाशी जुळवली की झालं. कडेला एक बारीक कळ असते, तीही पाहावी. पुसताना हात लागून ती ‘कायम चालू’वर गेली, तर पिना कशाही लावा, गिझर बंद होत नाही.

डिजिटल टायमरमध्ये वेळ सांभाळायला छोटी बॅटरी असते. ती काही वर्षांत दम सोडते, मग दर वेळी वीज गेली की सेटिंग पुसलं जातं. आणखी एक खोच आहे. असे बरेचसे टायमर ‘ऑन’वरून थेट ‘ऑटो’वर आणले, तर बंद व्हायची पुढची वेळ येईपर्यंत चालूच राहतात. म्हणून आधी ‘ऑफ’, मग ‘ऑटो’.

वेळ बरोबर असूनही पाणी कोमट येत असेल, तर व्होल्टेज मोजावं. 2000 वॅटचा, 25 लिटरचा गिझर 230 व्होल्टवर पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला साधारण अर्धा तास घेतो. व्होल्टेज 180 वर उतरलं की तोच गिझर जेमतेम 1225 वॅट देतो, आणि अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं होतात. अशा घरात टायमरची वेळ वाढवून द्यायची, बाकी काही नाही.

खरा बिघाड होतो तो जोडणीत. हा गिझर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो. मिऱ्या, मांडवीसारख्या समुद्रालगतच्या घरांत खारी हवा पितळी स्क्रूवर हिरवा थर चढवते. जोड सैल पडतो, तापतो, प्लग तपकिरी होतो, जळका वास येतो. आत टायमरचे पॉइंट एकमेकांना चिकटले, तर टायमर ‘बंद’ दाखवतो आणि गिझरचा दिवा मात्र जळत राहतो. मग पाणी उकळू न देण्याचा भार एकट्या थर्मोस्टॅटवर आणि त्यामागच्या कटआउटवर. असा टायमर दुरुस्त करू नका, काढून टाका. कटआउटही पुन्हा पुन्हा उडत असेल, तर बटण दाबत बसू नका. नवीन काम करताना मी मध्ये काँटॅक्टर घालतो, म्हणजे टायमरवर नावापुरताच भार राहतो. आणि टायमर न्हाणीघराबाहेर; वाफ आणि मीठ एकत्र आलं की कुठलाच पॉइंट टिकत नाही.

प्लगमध्ये खोचायचे पुष्कळ टायमर एकच तार तोडतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतील, तर टायमर बंद असतानाही गिझरच्या कॉइलपर्यंत फेज असतो. म्हणून झाकण उघडण्याआधी दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करायचा आणि वर टेस्टर लावून खात्री करायची. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तर प्रत्येक गिझरमागे हवाच. अर्थिंग तपासायचं ते मे महिन्यात. आपल्या जांभ्यात पाणी ठरत नाही, जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात मोजलेल्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये.