नकाशावर नसलेला वाडा

पी. जी. वुडहाउस यांच्या ‘समर लाइटनिंग’ (१९२९) या कादंबरींत ब्लँडिंग्ज कॅसलमधून चोरीस जाते ती एक लठ्ठ डुकरीण! खून नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. तरी उमरावसाहेबांचा जीव कासावीस. वाचकहो, हा वाडा नकाशावर शोधूं जाल, तर तोहि डुकरिणीप्रमाणेंच नाहींसा! अभ्यासकांच्या मतें त्याच्या भिंती ग्लॉस्टरशरमधील स्यूडली कॅसलच्या, तर बागबगीचा वेस्टन पार्कचा.

स्यूडलीनें मात्र एक खरें रहस्य जपलें होतें. आठव्या हेन्रीची अखेरची राणी कॅथरिन पार पुनर्विवाहानंतर १५४८ सालीं येथेंच बाळंतरोगानें वारली. पुढें वाडा उद्ध्वस्त झाला. तिची विसरलेली कबर १७८२ सालीं भग्न प्रार्थनामंदिरांत सांपडली. त्याच भिंतींनीं पुढें एवढ्या निर्मळ विनोदास आसरा द्यावा, हा त्या वास्तूचा दैवयोगच!