आत्याची बिडाची कढई



२०२४ च्या डिसेंबरात, चैत्यभूमीवरची गर्दी ओसरल्यावर, आम्ही चार दिवसांची रजा टाकून मुलाबाळांसह लातूरची रात्रीची गाडी धरली. कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव ही स्टेशने झोपेतच गेली. आमच्या लहानपणी याच वाटेवर अरुंद रुळांची बार्शी लाईट धावत असे. १८९७ साली सुरू झालेली ती गाडी इतकी सावकाश चाले की, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे आमचे वडील सांगत. २००८ पर्यंत रूळ रुंद झाले आणि मुंबई एका रात्रीवर आली. पण आम्ही निघालो होतो ते सावकाशीच्याच एका गोष्टीसाठी. आमची आत्या आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. तिच्या हातचा मटणाचा रस्सा मुलांनी एकदा तरी खावा, अशी आमची इच्छा होती.

लातूरहून औशाकडे निघाले की दोन्ही बाजूंना काळी रानेच राने. ज्वारी पोटरीत आलेली, करडई काट्यावर, तुरीला शेंगा लगडलेल्या. तेरणेच्या खोऱ्यातला हा भाग. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हेच लोकांच्या अंगावर आले. आत्याचेही घर माळवदाचे होते. त्यात आमचे आतोबा गेले. आज आत्या राहते ते घर पुनर्वसनातले. रस्ते सरळ आखलेले, घरे एकसारखी, स्वयंपाकघरात गॅस. चूल मात्र आत्याने अंगणात लिंबाखाली स्वतः घातली आहे.

त्या चुलीवर ती कढई होती. बिडाची, बुडाला बोटभर जाड, एक कान तुटलेला. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमच्या धाकट्याने लगेच विचारले, "बीड जिल्ह्यात करतात का हो?") भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून ती निघाली. बीड कडक खरे, पण ठिसूळ. आपटले तर वाकत नाही, तुटते. एका कानावर निभावले हेच विशेष.

"ही तुझ्या आतोबाच्या आईनं घेतलेली," आत्या सांगू लागली. "खडी फोडायच्या कामाचं पैसं साठवून लातूरच्या बाजारातनं आणली. बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्याच्यानंतर दोन-तीन वर्सांनी. जुनी मडकी गावाबाहेर नेऊन फोडली म्हणे. म्हणाली, आता घरात शिजंल ते विकत आणलेलं शिजंल. मेल्या जनावराचं मटण या कढईला ठावं न्हाई."

एवढे बोलून ती लसूण सोलत राहिली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, असे बजावले, हे आम्ही भाषणांतून कितीदा तरी सांगितले आहे. तो निर्णय एका बाईने खडी फोडून, पैसे मोजून, डोक्यावरून घरी आणला होता, हे आम्हांला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. आजवर आम्ही विचारलेच नव्हते.

दुपारी मटण आले. आमच्या या भागात अजून वाटे पडतात. चौघे-आठजण मिळून बोकड घेतात आणि तुकड्यांचे सारखे ढीग लावतात. बोकड उस्मानाबादी जातीचा, काळाभोर. आमच्या वाट्यात मानेचे तुकडे, नळ्या, बरगड्या, थोडी वजडी, आणि पाहुणे आले म्हणून मुद्दाम मागून घेतलेले चार पाय. पाय जाळावर धरून केस जाळले, सुरीने खरवडले, धुतले. पूर्वी वाड्यात मऊ मांस जाई आणि आपल्या वस्तीत हाडे, चिवट तुकडे येत. आता वाटे सारखे पडतात, पण आत्या अजूनही मानेचा तुकडाच आधी उचलते. चव तिथेच असते म्हणते.

चार वाजता कढई चढली. आधी तुराट्यांचा जाळ, कढई तापेपर्यंत. मग करडईचे तेल, कांदा, आले-लसूण, हळद, मीठ आणि मटण. वरून पाणी अजिबात नाही. मटणाला स्वतःचे पाणी सुटले की काठोकाठ बसणारे ताट झाकायचे आणि ताटात पाणी ओतून ठेवायचे. ते गरम झाले की तेच आत घालायचे, ताटात पुन्हा गार पाणी. तुराट्या बाजूला काढून आता खाली फक्त गोवऱ्यांची धग. उकळी फुटलेली तिला चालत नाही. कडेला एखादा बुडबुडा यावा, एवढेच.

साडेपाचला मुले विचारू लागली, झाले का? आत्या म्हणाली, "कुठं पळून चाललंय मटण? हाड सुटंस्तोर झाकण काढायचं न्हाई."

यामागचे शास्त्र साधे आहे. मान, नळी, पाय यांत स्नायू बांधून ठेवणारे चिवट धागे जास्त असतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवले की ते विरघळून रस्सा दाट, चिकट होतो. मोठ्या जाळावर घाई केली तर मांस आधीच आवळून कोरडे पडते. बीड तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की धग धरून ठेवते, म्हणून गोवरीची आच कमी-जास्त झाली तरी आत फारसे कळत नाही. कुकरही हाडे शिजवतो आणि अर्ध्या तासात शिजवतो. आमच्या घरी कुकरच आहे, त्याची निंदा आम्ही करणार नाही. पण पाच तासांत मसाला हाडापर्यंत जातो तो मामला वेगळा.

सातनंतर निखाऱ्यावर भाजलेला कांदा आणि सुके खोबरे पाट्यावर वाटून आले, सोबत तीळ, घरचा काळा मसाला. शेवटी येसर. ज्वारी, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ पाण्यात कालवून घातले की रस्सा मिळून येतो. चार माणसांच्या मटणात दहा माणसे जेवतात. गरिबीने शोधलेली युक्ती, पण आता ती नसली तर रस्सा आम्हांला पाणचट लागतो. चिंच मात्र घालायची नाही. आंबट पदार्थ लोखंडाशी लागला की काळा पडतो, तोंडाला लोखंडाची चव येते. म्हणूनच शिजल्याबरोबर सगळे स्टीलच्या भगुन्यात काढले आणि कढई गरम पाण्याने धुऊन, चुलीवर कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवली.

नऊ वाजता जेवलो. ज्वारीची भाकरी कुस्करून, वर रस्सा. कोणी बोलत नव्हते. धाकट्याने नळी ताटावर आपटून आतला मगज काढला, ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही कारकून, हिशेबाची खोड. पाच तास, पाटीभर गोवऱ्या, आणि आत्या-वहिनी दोघी धुरात. आम्ही पुरुषांनी तारीफ केली आणि मोबाईलवर फोटो काढले. वहिनी अंगणवाडीत आहेत, बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "भाऊजी, धूर तुम्हांला फोटोत चांगला दिसतो. रोज डोळे आमचे जातात." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

खर्चाचेही तेच. पूर्वी वस्तीत मोठ्याचे मटण स्वस्तात मिळे. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि शेतमजुराच्या ताटातला तो घास गेला. बोकडाचा भाव असा की, महिन्यातून एकदा वाटा घेताना घरात चर्चा होते. आपण काय खात होतो ते शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात लाज न बाळगता लिहिले आहे. आम्ही मात्र मुंबईत ऑफिसच्या डब्यात वजडी कधी नेली नाही, हेही खरे.

निघायच्या सकाळी आत्या म्हणाली, कढई तू घेऊन जा, माझ्यानं आता उचलत न्हाई. आम्ही पिशवीही काढली होती. वहिनी म्हणाल्या, "कढई राहू द्या. धूर नको म्हणाले मी, कढई नको नाही म्हणाले. गॅसवर बसते ती, मी बघितलंय." मग त्यांनी अंगणवाडीचा विषय काढला. लोखंडाच्या भांड्यात शिजवले की थोडे लोह अन्नात उतरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचे रक्त कमी निघाले. एका कढईने ते भरून येणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात, हे त्यांनीच सांगितले. पण घरात आहे ते भंगारात किंवा मुंबईला कशाला घालवायचे? आत्या गप्प बसून ऐकत होती. मग तिने कढई उचलून, म्हणजे एक कान तिने आणि दुसरी बाजू वहिनींनी धरून, आत ओट्यावर नेली. आम्हांला तिने येसराचा डबा दिला.

मुंबईत येऊन आम्ही नवी बिडाची कढई घेतली. पहिल्याच रविवारी तापलेल्या कढईत नळाचे गार पाणी ओतले आणि तिला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. फोनवर सांगितले तर पलीकडे आत्या इतकी हसली की फोन वहिनींना घ्यावा लागला. दुसरी कढई आणली आहे. तीन तास गॅस मंद ठेवतो. येसर संपत आले आहे; पुढच्या वेळी ते भाजताना नीट पाहून, प्रमाण लिहून आणायचे आहे.