डोक्याचा उपयोग

माझ्या डोक्याचा काही उपयोग व्हावा अशी इच्छा आमच्या घरात आजवर कोणी दाखवली नव्हती. गेल्या थंडीत मात्र इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तासभर तुमचं डोकं हवंय. प्रोजेक्टला." आणि केस बाजूला सारून त्यांनी मागे चिकट मलम थापले, त्यावर तारा बसवल्या.

तारा एका लहानशा बोर्डाला जोडलेल्या. नाव ओपनबीसीआय. न्यूयॉर्कच्या जोएल मर्फी आणि कॉनर रुसोमानो यांनी २०१३ च्या अखेरीस लोकवर्गणी मागून तो काढला आणि त्याचे नकाशे सर्वांना खुले केले. आम्ही गाइडे लिहिणारी माणसे; विद्या अशी फुकट वाटणाऱ्यांबद्दल मला भलताच आदर वाटला. आठ वाहिन्या, सेकंदाला २५० मोजण्या, आणि सारा संसार चार पेन्सिल-सेलांवर!

पडद्यावर प्रथम उमटली ती घरातली वीज, सेकंदाला ५० हेलकाव्यांची. ती गाळली, तर मी दात आवळताच डोंगर उठू लागले. मेंदूची वीज बिचारी व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजायची. "डोळे मिटा," हुकूम झाला. मिटले, आणि सेकंदाला दहाएक हेलकाव्यांची शांत लाट आली. तिला आल्फा म्हणतात. माणसाच्या मेंदूचा आलेख प्रथम घेणाऱ्या हान्स बर्गरने आपल्या मुलाचे डोके वापरले होते. आमच्याकडे उलटे.

पण खरे डोके हवे होते आईचे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिची वाचा आणि उजवा हात गेला. आजीने डोळे मिटून धरले की घंटा वाजावी, ही नातवाची कल्पना.

रविवारी घंटा वाजली. आम्ही धावलो. पाणी? नको. उशी? नको. पुन्हा वाजली, पुन्हा धावलो. चौथ्या खेपेला सौ.च्या लक्षात आले, आईंच्या डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत होता. जप चालला होता! बोलवायचे असले की ती बांगडी खाटेच्या दांडीवर आपटते. त्याला सेल लागत नाहीत.

"हेही प्रोजेक्टमध्ये लिही," मी म्हणालो.

"मार्क जातील, बाबा."

"जाऊ देत."

तो गप्प राहिला. मग कोमट पाण्याने आजीच्या केसांतले मलम पुसू लागला. तिच्या उशाशी दोन वर्षांत इतका वेळ कोणी बसले नव्हते, मीही नाही. पुसून होताच आईने डाव्या हाताने सुटलेली तार उचलली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.