हजेरीपट

परवा शेगावला गेलो होतो. चपला ठेवायला गेलो तर पांढऱ्या कपड्यातल्या सेवाधाऱ्याने त्या हातातून घेतल्या आणि म्हणाला, "द्या माऊली." बोलता बोलता कळलं, घरी शेती आहे, पाळी आली की सेवेला येतो. पगार नाही. आणि मला एकदम पीटर ड्रकर आठवला!

हसू नका. निवृत्तीनंतर मुलाच्या कपाटातली पुस्तकं चाळताना या माणसाशी ओळख झाली. जन्म १९०९चा, व्हिएन्नाचा. कायदा शिकला, वर्तमानपत्रात लिहिलं, हिटलर आल्यावर जर्मनी सोडली, इंग्लंडमार्गे १९३७ साली अमेरिकेत पोचला. महायुद्धाच्या काळात जनरल मोटर्सने त्याला कारखाना आतून पाहू दिला. त्यावरचं त्याचं पुस्तक १९४६ साली आलं. पुढे १९५९च्या पुस्तकात त्याने ओळखलं, की कामगार बदलतोय. आता त्याचं अवजार कारखान्यात नाही, डोक्यात आहे. संध्याकाळी तो ते सोबत घेऊन घरी जातो. म्हणून उतारवयात तो म्हणू लागला, पगारी माणसालाही स्वयंसेवकासारखं वागवा. पगार हवाच, पण आपण हे कशासाठी करतो हे त्याला कळलं पाहिजे. २००५ साली, पंच्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

आमच्याकडे शिवशंकरभाऊ पाटलांनी हेच करून दाखवलं. शेगाव संस्थानची सेवाधाऱ्यांची घडी त्यांनी बसवली. लोक त्यांना मॅनेजमेंट गुरू म्हणत. संस्थानचा चहासुद्धा ते घेत नसत, असं इकडे सगळेच सांगतात. ऑगस्ट २०२१मध्ये भाऊ गेले.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम, मग कायम. आमच्याकडेही एक तरुण आला. गणिताचा. रोज एस.टी.ने यायचा. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना थांबवून शिकवायचा, कोणी सांगितलेलं नव्हतं. एकदा गाडी उशिरा आली आणि मी हजेरीपटावर लाल शेरा मारला. दुसऱ्यांदाही मारला. नियम म्हणजे नियम!

त्यानंतर तो कधी उशिरा आला नाही. पण शाळा सुटली की पहिल्या गाडीने जायला लागला. कच्ची मुलं कच्चीच राहिली. माझा हजेरीपट मात्र स्वच्छ झाला.

आता वाटतं, 'सेवक' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरला. शेगावचा सेवाधारी घरचं खाऊन, मनाने येतो. नको वाटलं तर थांबू शकतो. आमच्या सरांना थांबायची सोय नव्हती, पोट त्यावर होतं. सेवा मागून मिळत नाही, शेरा मारून तर नाहीच. ते सर रोज एक तास आपणहून देत होते, तो माझ्या वहीत मांडायला रकानाच नव्हता.

निघताना त्या सेवाधाऱ्याने चपला जोडीने माझ्यापुढे ठेवल्या. मला घालायला जरा वेळच लागला.