मालक गेले, आपण इथेच आहोत

मंडळी, १८ ऑक्टोबर २०१४. आपलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. मुंबई सिटीने पुण्याला ५-० धुतलं, मोरित्झची हॅटट्रिक! घरून चालत गेलो होतो मॅचला.

पुढे टीम अंधेरीला गेली. वडाळ्याला गाडी बदलत आम्ही तिकडेही पोचलो. २०१९ ला सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, २०२१ ला शील्ड आणि कप दोन्ही आले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, लीगचंच काही खरं नाही म्हणून, ग्रुप बाहेर पडला.

आता सूत्रं पुन्हा जुन्या मालकांकडे. नवे प्लॅन येतील, येऊ देत. पण महिंद्रा युनायटेड आठवा. २००६ ला देशाची लीग जिंकलेला क्लब, २०१० ला कंपनीने बंद केला. फॅन्सच्या हातात काहीच नव्हतं.

म्हणून सरळ सांगतो. महागडे परदेशी खेळाडू नसले तरी चालेल, पोरांच्या टीम बंद करू नका. वर्षातून दोन मॅच तरी नेरूळला आणा. जे ठरवाल ते आधी आम्हाला सांगा.

आणि आपणही फुकट पास मागणं बंद करू. तिकीट काढलं, तरच जाब विचारता येतो. पटतंय का?