वाजंत्र्यांची पंगत

पावणे, नवी मुंबई

चि. अनिरुद्ध यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या भोंग्यांत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रेलरांच्या घरघरीत निवांतपणा दुर्मीळ. तरीही अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या त्या सभागृहाविषयी तू जे कळवलेस ते सावकाश वाचले. १० एप्रिल १९५६ रोजी पहिला खेळ गोऱ्यांसाठी आणि नंतरचा काळ्यांसाठी, अशी वाटणी मुकाट्याने पत्करून कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल गायला उभा राहिला, हाच तुझ्या मते त्याचा कसूर. आणि भर रंगमंचावर काही गोऱ्या इसमांनी त्याच्यावर झडप घातली तो त्या कसुराचा मोबदला! तुझ्या तारुण्याला असे निकाल झटपट देता येतात. त्या मंडळींची मोहीम मुळात रॉक अँड रोलविरुद्ध होती आणि हा बिचारा तर मृदू प्रेमगीतांचा गायक, ही विसंगती मात्र तुझ्या नजरेतून निसटली.

आता आपल्या घराकडे वळतो. आपल्या गावी लग्नात सनई आणि हलगी वाजवणारे मातंग असत. हळदीपासून वरातीपर्यंत त्यांच्यावाचून मांडवाला शोभा नसे. परंतु पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, गोठ्याच्या पलीकडे, घरून आणलेल्या थाळ्या पुढे मांडून ते बसत, आणि वाढप्याचा हात त्या थाळीपासून वीतभर उंच राही. हलगीचे कातडे शेकायला विस्तव लागे, तो खापरीत घालून लांबूनच पुढे सरकवीत. आणि त्याच विस्तवावर तापलेल्या हलगीचा कडकडाट सुरू झाला की विस्तव देणाराच सर्वांत आधी ठेका धरून मान डोलावी. दक्षिणेकडच्या अमेरिकन सभागृहांत श्रोत्यांमध्ये दोर बांधत असत, असे तू लिहितोस. आमच्याकडे दोराची तजवीज करावी लागत नसे, कारण प्रत्येकाला आपली जागा पाळण्यातच शिकवलेली असे.

ही शिस्त मोडणारा एक गृहस्थ निघाला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. वतनदार ब्राह्मणाचे घर सोडून ते तमाशाच्या फडात शिरले, आणि महार समाजातील पवळा त्यांच्या लावण्या गाऊ-नाचू लागली तेव्हा बापूराव-पवळा या जोडीने महाराष्ट्र अक्षरशः वेडा केला. ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. अफाट लौकिक मिळवूनही १९४५ साली ते विपन्नावस्थेतच गेले. माझा आक्षेप एवढाच की बापूरावांचा त्याग आपण पिढ्यानपिढ्या गौरवाने सांगतो, परंतु रात्रभर त्या लावण्यांत प्राण ओतून पहाटे जिला पुन्हा गावकुसाबाहेरचीच ठरवले जाई, त्या पवळेला सोडण्याजोगे वतनच नव्हते, हे सांगायला विसरतो.

आणि नकाराचे म्हणशील तर तोही आपल्याकडे घडलेला आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा, चळवळीला पैशाची निकड असतानाही, समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. बापूरावांच्या मनाला ते लागले असणारच, पण मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. कारण त्यांनी कलेचा अव्हेर केला नाही, त्या कलेवर चाललेल्या व्यवहाराचा हिशेब मागितला.

तुमच्या अमेरिकेत १९६१ साली ऑगस्टा येथे, गोऱ्यांना नाचायला खालची फरशी आणि काळ्यांना वरचा सज्जा, अशी व्यवस्था असल्याचे विद्यार्थ्यांच्या निषेधाच्या तारेवरून कळताच गायक रे चार्ल्सने कार्यक्रमच रद्द केला, आणि करारभंगाबद्दल न्यायालयाचा दंड सोसला. १९६४ साली जॅक्सनव्हिलला बीटल्सनीही विभक्त श्रोत्यांपुढे वाजवण्यास हरकत घेतली, ती स्तुत्यच; परंतु त्या चौघांच्या पाठीशी जगाची लोकप्रियता उभी होती आणि आयोजकालाच त्यांची गरज अधिक होती. एकाने नकार दिला म्हणजे दुसऱ्यालाही तितक्याच सहज देता येतो, असे नाही. आपल्या हलगीवाल्याने मांडवाबाहेरच्या पंगतीला नकार दिला असता तर त्याचे बलुते तुटले असते आणि पुढच्या लग्नाची सुपारी शेजारच्या गावी गेली असती. त्याच्या बाजूने निषेधाची तार करणारा विद्यार्थी आपल्या वाड्यातून निघाला असता, असे मला तरी वाटत नाही.

तुझ्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हा विषय घेणार असशील तर अवश्य घे. मात्र कोलवर ठपका ठेवण्याआधी, मार खाल्ल्यावरही त्याच रात्री तो काळ्या श्रोत्यांच्या खेळाला उभा राहिला, हे लिही. आणि बापूरावांचे नाव येईल तिथे पवळेचेही असू दे. मजकूर छापण्याआधी मला धाडलास तर शुद्धलेखन पाहून देईन, तुझे ऱ्हस्व-दीर्घ अजून बेबंदच आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका